लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आधी कोणाकडे धावते?

नाइटड्युटी (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात इथल्याच पावसाळी आजारांच्या धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं, "माझा मुलगा अर्धा तास टाहो फोडत होता आणि सिस्टर पलीकडच्या झोपलेल्या मुलाच्या कॉटशी उभी राहून घड्याळ बघत होती." त्यावर 'हेच यांचं', 'पगार कशाचा घेतात' असे बरेच प्रतिसाद आले. तिथे मी काही लिहिलं नाही. पण ती सिस्टर घड्याळ बघत नव्हती, श्वास मोजत होती, हे मी इथे बसून पैजेवर सांगते.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एकोणीस वर्षं मुलांमध्ये आहे, त्यातली चार पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात. टाहो फोडणाऱ्या मुलाचं आम्हाला निम्मं टेन्शन गेलेलं असतं. एवढा आवाज काढायला छातीत हवा लागते, अंगात जोर लागतो आणि डोकं ठिकाणावर असावं लागतं. धडकी भरते ती निपचित मुलाची. आई सांगते, "आत्ताच शांत झालाय, झोपू दे त्याला," आणि मी तळपायावर टिचकी मारते. बायका रागावतात. रागावू देत.

वॉर्डाच्या दारातून, हात न लावता, तीन गोष्टी बघायला आम्हाला शिकवतात. मूल दिसतंय कसं, श्वास घेतंय कसा आणि रंग कसा आहे. पुस्तकात याला पेडियाट्रिक असेसमेंट ट्रँगल म्हणतात, आमच्या जुन्या इंचार्ज सिस्टर 'उंबरठ्यावरची नजर' म्हणायच्या. मूल आईकडे बघतंय का, खुळखुळ्याकडे हात जातोय का, की डोळे उघडे असून कुठेच बघत नाहीये? नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, प्रत्येक श्वासाला कण्हतंय का? ओठ निळसर, हातापायावर जाळीसारखे डाग? यातलं एक जरी दिसलं, तर केसपेपर निघायच्या आधी ऑक्सिजन लागतो.

मुलांचं शरीर मोठं फसवं असतं. मोठ्या माणसाचं पाणी किंवा रक्त कमी झालं की बीपी लवकर पडायला लागतं, आपल्याला कळतं. मूल मात्र नाडी पळवून, हातपाय गार करून बीपी बराच वेळ धरून ठेवतं. ते पडलं म्हणजे खूप उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही बोटाच्या पेरावर किंवा छातीवर पाच सेकंद दाबून सोडतो. पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. तीनच्या पुढे गेला की डॉक्टरांना हाक.

तेव्हा ताई, तुमच्या मुलाला नंतर बघितलं, कारण तो त्या खोलीतला सर्वांत बरा होता. विचारा काय विचारायचं ते. आज ऑफ आहे.

लेकुरवाळी

फार बरं केलंत लिहिलंत ते. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : श्वास मोजायचा कसा? माझी आठ महिन्यांची मुलगी पाच सेकंद स्थिर राहत नाही.

नाइटड्युटी

झोपलेली असताना किंवा पिऊन शांत झाल्यावर. झबलं वर करा, पोटाकडे बघा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळं मध्येच थांबतात, मध्येच भराभर घेतात, त्यामुळे तो हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त : हे जागतिक आरोग्य संघटनेचे 'जलद श्वासा'चे आकडे आहेत. खोकला आणि जलद श्वास एकत्र असतील तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दाखवायचं. सोबत बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर सकाळची वाटही बघायची नाही. आपल्या आज्या म्हणायच्या ना, 'पोट उडतंय', तेच हे. त्यांना आकडा माहीत नव्हता, नजर होती.

शंकासुर

धागा छान, पण एक बाजू राहिली. भाचीला जुलाब झाले म्हणून एका ठिकाणी नेलं. सुई लावायला पाच वेळा टोचलं. बहिणीला बाहेर काढलं, दार लावलं, आत पोरीच्या किंकाळ्या. वर "आईच रडते म्हणून मूल रडतं" हे ऐकवलं. यात कुठली नजर?

नाइटड्युटी

यात काहीच नजर नाही. पाच वेळा टोचणं चूकच.

जुलाबानं सुकलेल्या मुलाची व्हेन सापडणं महाकठीण, हे खरं. पिवळी कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची २४ नंबरची नळी, अगदी बारीक, आणि शीर त्याहून बारीक. पण आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे : दोनदा चुकलं की हात बदल. तिसऱ्यांदा तीच सिस्टर हट्टाला पेटली की ती मुलासाठी नाही, स्वतःसाठी टोचत असते. मीही पेटले आहे. नवीन असताना.

आईला बाहेर काढायची पद्धत मलाही पटत नाही. मी आईला डोक्याच्या बाजूला उभी करते, गाल गालाला लावून. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजता पाजता टोचते. दुखणं खरंच कमी होतं. आणि शक्यतो कॉटवर टोचत नाही, ट्रीटमेंट रूममध्ये नेते. कॉट ही त्याची जागा. तिथे दुखवलं की पुढचे चार दिवस आमच्या पांढऱ्या कपड्याच्या सावलीलाही मूल थरथरतं.

"काही नाही रे, मुंगी चावेल" असं मोठी माणसं म्हणतात, ते तर नकोच. मुंगी असं चावत नाही हे त्याला दोन सेकंदांत कळतं आणि तुमचा शब्द कायमचा जातो. "दुखेल, दहा म्हणेपर्यंत" असं सांगायचं आणि खरोखर दहा मोजायचे.

आवाज चढतो त्याबद्दल सफाई देत नाही. आयसीयूत एका मुलामागे एक सिस्टर हा दंडक. जनरल वॉर्डात रात्री आम्ही तिघी आणि कॉट चाळीस, पावसाळ्यात एका कॉटवर दोन मुलं. तरीही तुमच्या बहिणीला ते वाक्य ऐकवायला नको होतं.

शंकासुर

मान्य. एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. :)

लोकल८.२२

अडीच वर्षांचा मुलगा. ताप आला की घरात पॅरासिटामॉलचं सिरप असतंच, एक चमचा देतो. बायको म्हणते कमी पडतो, आई म्हणते जास्त होतो. वयाप्रमाणे किती द्यावं?

नाइटड्युटी

वयाप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे. आमच्याकडे मूल आलं की ताप बघायच्याही आधी काट्यावर. औषध, सलाईन, सगळं किलोवर ठरतं. वॉर्डात वजन न लिहिलेला केसपेपर म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

पॅरासिटामॉल एका वेळी किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गोंधळ होतो तो बाटलीत. सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅचंही मिळतं, २५०चंही. ड्रॉप्स बहुतेक १ मिलीतच १०० मिग्रॅचे. दहा किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ हवंय, तर २५०च्या सिरपचे ३ मिली, १२०च्याचे सव्वासहा, ड्रॉप्सचे फक्त दीड. सिरपच्या सवयीनं कोणी ड्रॉप्स चमचाभर ओतले तर केवढं गेलं बघा. चमचा तर वापरूच नका. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. सोबतची मापाची पिचकारी घ्या. आणि हा आकडा मी सांगितला म्हणून नाही, तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून लिहून घ्या.

घरी काटा असेल तर आधी स्वतः उभे राहा, मग त्याला कडेवर घेऊन. वजाबाकी.

लोकल८.२२

आमचा काटा माझं वजन सांगताना लाजतो. बघतो.

चाळकरी

भाजण्यावर बोला. आमच्या मजल्यावर गेल्या महिन्यात दोन वर्षांच्या मुलीनं चहाचं पातेलं ओढलं. दहा बाय बाराच्या खोलीत शेगडी कमरेएवढ्या ओट्यावर, अंथरूण तिच्याच खाली, मूल जाणार कुठे? कोणी टूथपेस्ट आणली, कोणी शाई. मी ओरडलो नळाखाली धरा. पण दुपारचे तीन. आमच्याकडे पाणी पहाटे येतं.

आजीचा बटवा

तूप आणि हळद. आमच्या तीन पिढ्या यावर बऱ्या झाल्या.

नाइटड्युटी

चाळकरी, नळाचा हट्ट नको, पाण्याचा धरा. पिंपातलं साधं पाणी मगानं, सावकाश, एकसारखं ओतत राहायचं. वीस मिनिटं. खाली परात धरा आणि तेच पाणी पुन्हा घेतलंत तरी चालेल, फक्त ते कोमट व्हायला लागलं की बदला. आधी कपडे, बांगड्या, कमरेची साखळी काढायची. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. बर्फ नको. लहान मूल फार पटकन गारठतं, म्हणून भाजलेल्या जागी पाणी आणि बाकी अंगाला गोधडी, दोन्ही एकदम. भाजून दोन-अडीच तास झाले असतील तरी हे करायचं, उपयोग होतो. मग स्वच्छ धुतलेला सुती रुमाल सैल ठेवून निघायचं.

आज्जी, तुमचं तूप पोळीवर असू दे. :) वॉर्डात येणाऱ्या भाजलेल्या मुलाच्या अंगावरची पेस्ट, हळद, शाई आधी आम्हाला घासून काढावी लागते. त्याशिवाय खाली किती खोल गेलंय ते दिसत नाही. ते घासताना मूल जसं ओरडतं, ते मी इथे लिहीत नाही.

एक माहिती : मुलाचा तळहात बोटांसकट त्याच्या अंगाच्या साधारण १ टक्का. फोनवर "खूप भाजलंय" म्हणण्याऐवजी "त्याचे पाच पंजे बसतील एवढं" म्हणालात तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तोंड, हात, पाय, सांधे किंवा शीची-शूची जागा असेल तर पंजे मोजत बसू नका. १०८ लावा किंवा टॅक्सी पकडा.

आजीचा बटवा

बरं बाई. पोळीवरच.

ब्रदर_ट्रॉमा

सिस्टर, तुमच्या धाग्यात मोठी मुलं राहून जातायत. मी अपघात विभागात आहे. बारा पूर्ण झाली की बऱ्याच सरकारी रुग्णालयांत पोरगं मोठ्यांच्या वॉर्डात जातं. मिशी फुटली नाही आणि शेजारच्या खाटेवर दारू पिऊन पडलेला काका.

गोपाळकाल्याचा दिवस सांगतो. १४ वर्षांखालचं मूल थरात नसेल असं २०१७ साली सरकारनं उच्च न्यायालयात सांगितलंय, त्यामुळे आता येतात ते पंधरा-सोळाचे. एक असाच आला, मंडळाच्या टीशर्टमध्ये, दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून, 'चालत'. हसत होता. "काय नाय सर, मुका मार हाय." भोवती सात-आठ जण. नाडी बघितली, १३०. बसल्या जागी १३०? मित्रांना चहा प्यायला पाठवलं, पडदा ओढला आणि विचारलं, आता सांग. ओठ थरथरले. म्हणाला, "डाव्या पायाला काय कळत नाय. आणि खांदा लय दुखतो." खांद्याला ओरखडाही नव्हता. पोटात डाव्या बाजूला असते ती प्लीहा फाटली की दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं. सोनोग्राफीत तेच निघालं. पायाचं कारण पाठीत होतं.

मुलांच्या बरगड्या लवचीक. बाहेर वळ नाही, हाड मोडलेलं नाही, आणि आत मात्र यकृत-प्लीहेला मार. आणि पडलेल्या पोराला 'उठ रे' म्हणून बगलेतून उचलू नका, पाया पडतो. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून ओंडक्यासारखं एकदम वळवायचं. एकानं फक्त डोकं धरायचं आणि हुकूम त्यानंच द्यायचा. फळी नसेल तर दाराची चालते.

पुदिना

यावरून आठवलं, आणि राग अजून गेलेला नाही. माझी पंधरा वर्षांची मुलगी पोटदुखीनं ॲडमिट होती. सिस्टर मला म्हणाली, "आई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा." मी? जन्म दिलेली? मुलीनं माझ्यापासून आजवर काही लपवलेलं नाही.

नाइटड्युटी

पुदिनाताई, राग समजू शकते. पण त्या सिस्टरनं बरोबर केलं. लपवत नसेल तर पाच मिनिटांत काही बिघडत नाही. लपवत असेल तर ती तुमच्यासमोर सांगणार नाही, आणि तेच न कळल्यानं उपचार चुकू शकतो. पाळी कधी आली, कोणी त्रास देतंय का, कसली गोळी घेतली का : हे आईकडे बघत कोणतीच मुलगी खरं बोलत नाही. मी माझ्या आईसमोर बोलले नसते.

मी मात्र "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधी देत नाही. अठराच्या आतल्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. ती "मला आवडतो तो" म्हणाली तरी. म्हणून आधीच सांगते : "बहुतेक गोष्टी आपल्या दोघींत राहतील, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल. तेही तुला सांगून." एवढं ऐकल्यावर काही जणी गप्प होतात. बऱ्याच जणी बोलतात.

आणखी एक. निकालाच्या दिवसांत मुलं 'चुकून काहीतरी पोटात गेलं' म्हणून येतात. घरचे 'चुकून'वर अडून बसतात. आम्ही पडद्याआड सरळ विचारतो, "मरावंसं वाटलं होतं का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात जातं, ही निव्वळ समजूत आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून ते सैल होतात. घरी अशी शंका आली तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

पुदिना

हं. त्या पाच मिनिटांत काय बोलणं झालं ते मी अजून विचारलेलं नाही. नाहीच विचारत.

लेकुरवाळी

जुलाबात टेट्रापॅकमधलं ओआरएस चालतं का? दुकानदार तेच देतो.

ब्रदर_ट्रॉमा

पुडी. एक लिटरची पुडी असेल तर एक लिटर पाण्यात अख्खी, अर्धी-अर्धी करून नाही. प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार हवं. गोड पेयांवर 'ओआरएस' लिहिण्यावर २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, बंदी आणलीय, जुना माल दुकानात दिसला तर घेऊ नका. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजून माणसं वाचवली होती.

नाइटड्युटी

उलटी झाली म्हणून थांबू नका. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं. सोबत झिंक १४ दिवस : सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिग्रॅ, त्याहून लहानांना १०. जुलाब थांबले की आया झिंकही थांबवतात. पूर्ण करा.

आणि वॉर्डात आलात तर ओला डायपर फेकू नका हो! आम्ही तो वजन करतो. ओल्यातून कोऱ्याचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. लघवी किती झाली ते तसंच कळतं. किलोला तासाला एक मिलीच्या खाली गेली की आमचे कान टवकारतात. एकदा एका आजोबांनी रात्रभराचे चारही डायपर स्वच्छतेच्या कौतुकात खाली नेऊन टाकले. सकाळी डॉक्टर राउंडला आले, मी चार्टवर काय लिहू?

चाळकरी

डेंग्यूचं पण सांगा ना, सध्या आमच्याकडे घरटी एक आहे.

नाइटड्युटी

ताप असतो तोवर मी त्यातल्या त्यात निवांत असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे डिस्चार्ज मागतात, मूल शांत पडलेलं असतं. नेमका तोच काळ धोक्याचा. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. पोट दुखतंय, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, किंवा उगाच चिडचीड आणि मग एकदम मलूल : ताप नसला तरी लगेच न्यायचं. सगळे प्लेटलेटचा आकडा विचारतात. मी पाय गार आहेत का ते बघते. आणि डेंग्यूच्या शंकेत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन नाही.

उद्या सकाळची ड्युटी आहे, आता झोपते.

लोकल८.२२

अपडेट देतो. वजन केलं. कडेवर घेऊन, वजाबाकी करून ११.४ किलो. मी अंदाजानं चौदा धरून चाललो होतो. बाटली २५०ची निघाली आणि आमचा 'एक चमचा' ५ मिली, म्हणजे दीडपटीच्या आसपास जात होतं. आई बरोबर होती, हे घरात अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी साडेतीन मिली सांगितलं. डोंबिवलीला आईकडे १२५ची बाटली आहे, तिथे सात. दोन्हीकडे मार्करनं झाकणावर लिहून ठेवलं.

नाइटड्युटी

झाकणावर नको, बाटलीवर लिहा. धुताना झाकणं बदलतात.